कोंडवाड्यातले दहा दिवस

फार पूर्वी, उसाच्या मळ्यांनी चहूबाजूंनी वेढलेल्या इक्षुवन नगरावर महीसेन राजाची सत्ता असताना, बोधिसत्त्व तिथल्या कोंडवाड्याच्या रखवालदाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुयाम ठेवले होते. बाप गेल्यावर कोंडवाड्याची किल्ली त्याच्या कमरेला आली, आणि ही गोष्ट घडली तेव्हा तो चाळिशीत होता.

कोंडवाडा दक्षिण वेशीला लागून होता. उंच दगडी भिंत, आत कडुनिंबाची चार झाडे आणि मधोमध पाण्याची लांब दगडी डोण. चुकलेली गुरे, टाकून दिलेली गाढवे, पिकात शिरलेल्या शेळ्या, कोणाचीच नसलेली कुत्री, अशी मोकाट जनावरे राजाचे लोक पकडून तिथे आणत. मालक आला तर जनावर त्याच्या हवाली करायचे, नाही आला तर राजाज्ञा होईल तशी त्याची व्यवस्था लावायची, असा नियम होता.

बोधिसत्त्वाच्या घराण्याची मात्र स्वतःची एक रीत होती. नवे जनावर आत आले की त्याच्यापुढे आधी पाणी ठेवायचे, आणि ते पीत असताना समोर उकिडवे बसून त्याचे घोट मोजायचे. ते कोणाचे, कुठे सापडले, लंगडते का, हे सगळे नंतर. पाणी गळ्यातून खाली उतरताना जे कळते ते दुसऱ्या कशाने कळत नाही, असे त्याचा बाप सांगे. ज्वर आलेला बैल पाणी चाटतो, पीत नाही. पोट दुखणारे गाढव दोन घोट घेऊन मान वळवते. आणि पिसाळलेले कुत्रे पाण्याकडे ओढले जाते, पण गळा आवळल्यासारखे मागे फिरते. आत आलेल्या प्रत्येक जनावराचे पाणी पाहून होईपर्यंत बोधिसत्त्व जेवायला बसत नसे. पहाटे नगरातल्या गल्ल्या झाडून मग विहिरीवरून डोणीत पाणी आणून ओतणारी म्हातारी वेणुका त्यावरून त्याची थट्टा करी. "याच्या घरी जेवायला जाऊ नका," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "हा पाहुण्याचेही घोट मोजतो."

त्या वर्षी वैशाखात, दंडनायक रुद्रसोमाची सहा वर्षांची मुलगी केतकी घरासमोरच्या गल्लीत खेळत असताना तिला कुत्रे चावले. पोटरीवर दोन दात उमटले. दाईने हळद दाबली, जखम आठ दिवसांत भरून आली आणि घरातली माणसे ते विसरून गेली. सव्वा महिन्याने एका सकाळी मुलीने दुधाचा पेला पाहिला आणि ती किंचाळली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नगराचा सगळा बंदोबस्त रुद्रसोमाच्या हाती होता, आणि तो राजाचा बालमित्र होता. मुलगी गेली त्याच दुपारी नगरात दवंडी फिरली. प्रत्येक मोकाट कुत्रे कोंडवाड्यात जमा करावे आणि चौथ्या दिवशी सूर्यास्ताला त्या सगळ्यांना चुन्याच्या खड्ड्यात लोटावे.

पकडण्याचे काम गवलकडे आले. गवल हा बोधिसत्त्वाचा मदतनीस, अंगाने धिप्पाड आणि दोरीचा फासा टाकण्यात पटाईत. त्याने आणि त्याच्या माणसांनी तीन दिवसांत बेचाळीस कुत्री आणली. फार धावपळ करावी लागली नाही. ज्यांच्या ओट्याखाली ती निजत त्यांनीच बोट करून दाखवली. काहींनी भाकरीचा तुकडा पुढे धरून त्यांना फाशापर्यंत आणून दिले आणि दार लावून घेतले.

"दादा, मी फासा टाकतो, ते भाकरी टाकतात," गवल म्हणाला. "यात पाप कोणाचं?"

"पाणी ओत," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याने बेचाळिसांचे पाणी एकेक करून पाहिले. सगळी प्यायली. मग त्याने प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवला, केस बाजूला करून कातडी पाहिली. एकेचाळिसांना चावल्याची खूण नव्हती. एका तांबड्या कुत्र्याच्या खांद्यावर मात्र चार दात उमटलेले होते, महिन्याभरापूर्वीचे, भरून आलेले. पूर्वी मारका रेडा ठेवायची एक दगडी खोली होती, तिला लोखंडी गज होते. त्या कुत्र्याला त्याने तिथे वेगळे ठेवले.

चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर रुद्रसोम तीस माणसे घेऊन आला. त्यांच्या हातात सोटे होते. रुद्रसोमाची दाढी वाढली होती आणि अंगावरचे उत्तरीय तीन दिवसांपूर्वीचेच होते.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"दंडनायक, ही कुत्री पिसाळलेली नाहीत."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. म्हणून सांगतोय. ती आली तेव्हापासून मी त्यांचं पाणी पाहतोय. सगळी पितात."

"पाणी!" रुद्रसोम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझी केतकी तीन दिवस पाणी मागत होती. पेला पुढे केला की तोंड फिरवून ओरडायची. तिचे घोट मोजायला आला होतास का रे तू?"

बोधिसत्त्व मान खाली घालून उभा राहिला. पण कमरेची किल्ली त्याने काढली नाही. सोटे घेतलेली माणसे दोन पावले पुढे आली. गवल दारासमोर आडवा झाला. बोधिसत्त्वाने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केले आणि त्या जागी स्वतः उभा राहिला.

तेवढ्यात राजा महीसेन घोड्यावरून तिथे पोहोचला. तो कुत्र्यांसाठी आला नव्हता. अशा वेळी मित्राला एकटे सोडू नये म्हणून आला होता.

"सुयामा," राजा म्हणाला, "तुझा बाप माझ्या वडिलांच्या काळात इथे होता. त्याने हुकूम मोडल्याचं मी कधी ऐकलं नाही."

"महाराज, मीही मोडत नाही. दहा दिवस पुढे ढकला एवढंच मागतोय. ज्याच्या लाळेत विष उतरलं ते जनावर दहा दिवस टिकत नाही. आधी पाणी सोडतं, मग जातं. दहा दिवस यांना पाणी पिऊ द्या. तोवर एकही बाहेर जाणार नाही."

"आणि त्यानंतर?"

"जी प्यायली ती निर्दोष. विष कुठून येतं ते गवलला विचारा, तो रोज बाहेर फिरतो."

गवलने हात जोडले. "उसातून येतं, महाराज. कोल्ह्यांकडून. गल्लीत कुत्री असली की कोल्हा वेशीच्या आत पाऊल टाकत नाही. आता गल्ल्या रिकाम्या पडल्यात. काल कुंभारवाड्यात भर दुपारी एक येऊन गेला."

राजाने रुद्रसोमाकडे पाहिले. रुद्रसोम बोधिसत्त्वाकडे पाहत होता. शेवटी तोच बोलला.

"मुदत हवी तुला? घे. पण अट माझी. रोज सकाळ-संध्याकाळ मी इथे येऊन बसेन. माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येकाने पाणी प्यायचं. एकाने जरी तोंड फिरवलं, तर त्याच वेळी सगळी खड्ड्यात जातील. आणि त्यांच्यामागून तू."

"रुद्रा..." राजा म्हणाला.

"नाही, महाराज. याची खात्री आहे ना? मग याचाही जीव त्यात असू दे. माझा आहे."

"मान्य आहे," बोधिसत्त्व म्हणाला. मग थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. माझा शब्द एकेचाळिसांपुरता आहे. बेचाळिसावं मी गजाआड ठेवलंय. त्याला कोणीतरी चावलंय, कोण ते मला ठाऊक नाही. ते आज पाणी पितंय, पण असं विष कधी महिना निजतं, कधी सहा महिने. त्याच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. मात्र विष नाही असं ठरेपर्यंत ते त्या खोलीबाहेर येणार नाही, हे मी आपल्या दोघांसमोर शपथेवर सांगतो."

राजाने मान डोलावली. माणसे परत गेल्यावर गवल डोणीच्या काठावर मटकन बसला. "दादा, त्या तांबड्याचं कोणी विचारलं नव्हतं. गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मग बाकीच्या एकेचाळिसांचं माझं बोलणं त्यांनी खरं का मानावं?" बोधिसत्त्व म्हणाला.

दुसऱ्या सकाळपासून ते सुरू झाले. गवल एकेक कुत्रे दोरीने डोणीशी आणी. बोधिसत्त्व समोर उकिडवा बसे. कडुनिंबाखालच्या दगडावर रुद्रसोम बसे आणि त्याच्यामागे सोटे घेतलेली माणसे रांगेने उभी राहत. कुत्र्याने डोणीत तोंड घातले की कोणी श्वास सोडीत नसे. जीभ पाण्यात वाजू लागली, गळा हलला, की बोधिसत्त्व "प्यायलं" एवढेच म्हणे, आणि गवल पुढचे आणी. असे एकेचाळीस वेळा. संध्याकाळी पुन्हा एकेचाळीस वेळा. शेवटी गजांतून तांबड्यापुढे पाण्याचे भांडे सरकवायचे.

काही कुत्री घाबरट होती. एक म्हातारे कुत्रे डोणीशी आले की आधी इकडेतिकडे हुंगत वेळ काढी. वेणुका त्याच्यावर खेकसे, "अरे बाबा, घे की! तुझ्या घोटावर माणसाचं मुंडकं टांगलंय, आणि तू नवरदेवासारखा नखरे करतोस." सोटेवाल्यांपैकी दोघेतिघे हसत. रुद्रसोम हसत नसे, पण तिला गप्पही करीत नसे. तिसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाची शिदोरी उघडून पाहत ती म्हणाली, "तुझ्या बायकोनं भाकरी आज जाड थापलीय, सुयामा. रडत थापली असणार." बोधिसत्त्वाने भाकरी मोडून अर्धी तिला दिली.

पहिले काही दिवस लोक भिंतीवरून दगड टाकत. मग चौथ्या दिवशी कुंभारवाड्यातल्या दोन शेळ्या कोल्ह्यांनी फाडल्या. सहाव्या दिवशी कोल्ह्यांची टोळी दिवसाढवळ्या बाजाराच्या तोंडाशी उभी राहिली आणि आयांनी मुलांना घरात कोंडले. लोकांचे बोलणे बदलले. आता तेच लोक भिंतीवरून भाकरी टाकू लागले, उरलेसुरले मांस टाकू लागले.

"वरून काही टाकू नका," बोधिसत्त्व खालून सांगे. "यांचं खाणं मी बघतो."

"तू काय बघतोस? बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीत!" भिंतीवरून एक तेलीण ओरडली. तिनेच आपल्या दारची पांढरी कुत्री दहा दिवसांपूर्वी भाकरी दाखवून फाशात दिली होती. "कवडे, ए कवडे, इकडे बघ!" असे म्हणून तिने बोकडाच्या नळीचे हाड आत भिरकावले. गवल धावला, तोवर कुत्र्यांची झोंबी झाली होती आणि हाड कोणाच्या तोंडात गेले ते कळले नाही.

नववा दिवस मावळत आला. अठ्ठावीस कुत्री पिऊन झाली होती. गवलने कवडीला आणले.

ती डोणीशी स्वतःच ओढ घेत आली. तिने तोंड खाली नेले, पाण्याला जीभ लावली आणि झटका बसल्यासारखी मागे सरकली. तिचा जबडा मिटत नव्हता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. तिने पुन्हा तोंड खाली नेले आणि पुन्हा मागे घेतले. मग ती पुढच्या पंजाने तोंड घासू लागली आणि तिच्या गळ्यातून घोगरा, फाटका आवाज निघाला.

गवलने दोरी आखडून धरली. बोधिसत्त्व जागचा हलला नाही. त्याने आयुष्यात तीन पिसाळलेली कुत्री पाहिली होती. जबडा, लाळ, आवाज, पाण्याशी जाणे आणि परत फिरणे. यातली प्रत्येक खूण त्याच्या ओळखीची होती.

रुद्रसोम उठून उभा राहिला.

"सुयामा."

"पाहिलं, दंडनायक."

"तिने तोंड फिरवलं."

"फिरवलं."

मागच्या माणसांनी सोटे उचलले. रुद्रसोम पुढे आला आणि बोधिसत्त्वाच्या अगदी जवळ थांबला. तो बोलला ते फक्त त्याला आणि गवलला ऐकू गेले.

"ऊठ. घरी जा. नऊ दिवस मी तुला बघतोय. तुझ्यापुरती अट मी मागे घेतो, राजाला मी सांगेन. कुत्री तेवढी माझी."

बोधिसत्त्वाने कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातात दिली. "अट मोडली, तेव्हा किल्ली आपली. पण त्याआधी मला तिच्या तोंडात पाहू द्या."

"काय पाहायचंय अजून?"

"घशात काही अडकलं तरी कुत्रं असंच करतं."

"आणि अडकलेलं नसलं तर?"

"तर माझ्या हाताला ती चावेल, आणि पुढचं आपल्याला माहीत आहे."

गवलने दोरी हाताला गुंडाळली. "दादा, नको. नुसती लाळ लागली तरी संपलं. मी घालतो हात. माझ्यामागे रडायला कोणी नाही."

"तुझी बोटं जाड आहेत," बोधिसत्त्व म्हणाला.

त्या क्षणी त्याला खात्री नव्हती, हे सांगायला हवे. खुणा दोन्हीकडे सारख्याच बोट दाखवत होत्या. घराकडे जाणारी वाट उघडी होती आणि ती त्याला खुद्द दंडनायकाने दाखवली होती. त्याच्या मनात बायको आली, भाकरी आली, आणि तीन दिवस पाणी मागणारी एक मुलगीही आली. त्याने हाताला फडके गुंडाळले नाही, कारण फडक्यातून बोटांना कळत नाही. तो कवडीसमोर बसला. "ये बाई," असे म्हणून त्याने डाव्या हाताने तिचा वरचा जबडा धरला आणि उजवा हात आत घातला.

तिचे दात त्याच्या मनगटात रुतले. त्याने हात मागे घेतला नाही. बोटे जिभेवरून मागे गेली, टाळूशी गेली, आणि तिथे दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये आडवे काहीतरी कठीण लागले. त्याने ते चिमटीत धरून एकदा हलवले. कुत्री ओरडली. त्याने पुन्हा हलवले आणि ओढले.

हात बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत लाळ आणि रक्त होते, आणि चिमटीत बोटभर लांबीची हाडाची ढलपी होती.

हाड निघाले होते, पण पाणी प्यायचे राहिले होते. कवडी चार पावले मागे जाऊन जबडा मिटून-उघडून पाहत होती. वेणुका पुढे आली आणि तिने डोणीतले पाणी हाताने उडवून टाकले. "हे लाळेनं नासलंय," ती म्हणाली, आणि आपल्या घागरीतले ताजे पाणी तिने मातीच्या पसरट परळात ओतून जमिनीवर ठेवले. बोधिसत्त्वाच्या मनगटातून रक्त ठिबकत होते. सूर्य भिंतीच्या टोकाला टेकला होता.

कुत्रीने परळ हुंगले. मान वर केली. पुन्हा खाली घातली. मग जीभ वाजली.

"एक," कोणीतरी म्हणाले. तो रुद्रसोम होता. तो परळासमोर उकिडवा बसला होता. "दोन. तीन. चार." सोटेवाले एकमेकांकडे पाहू लागले. तो अकरापर्यंत मोजत गेला आणि मग थांबला. कवडी परळ रिकामे होईपर्यंत पीत राहिली.

काही वेळाने रुद्रसोमाने जमिनीवरचे हाड उचलले. "हे कोणी टाकलं?"

"कुणाला तरी दया आली," बोधिसत्त्व म्हणाला. भिंतीवरून तेलीण डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली उतरली.

दहाव्या दिवशी राजा आला. शेवटचे कुत्रे पिऊन झाल्यावर त्याने नवा नियम केला. इक्षुवनात पकडलेले कोणतेही जनावर दहा दिवस त्याचे पाणी पाहिल्याशिवाय मारू नये, आणि गल्लीतले कुत्रे सोडवायला त्या गल्लीच्या माणसाने स्वतः यावे. काही गल्ल्यांतून माणसे आली. काहींतून आली नाहीत, तिथली कुत्री गवलने वेशीत नेऊन सोडली. ती आपापली जागा शोधत गेली. आठवडाभरात कोल्हे पुन्हा उसात परतले.

एक कुत्रे उरले. रुद्रसोम दगडी खोलीच्या गजांशी उभा राहिला.

"हे आमच्या गल्लीतलं," तो म्हणाला. "मी याला पाहिलंय. हेच चावलं असेल माझ्या मुलीला."

"नाही हो, धनी," वेणुका म्हणाली. "तुमची गल्ली पहाटे मी झाडते. पोरगी त्या दिवशी लवकर बाहेर आली होती. तिला चावलं ते काळं होतं, उसाकडून आलेलं. हे तांबडं त्याच्यावर तुटून पडलं. त्यानं याचा खांदा धरला, पण यानं सोडलं नाही. वेशीपर्यंत रेटत नेलं त्याला."

रुद्रसोम वळला. "हे तू आत्ता सांगतेस?"

"झाडणारीला कोण विचारतं? आणि या सुयामानं तर बेचाळीस कुत्र्यांना विचारलं, मला नाही विचारलं."

बोधिसत्त्वाने मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला.

रुद्रसोमाने किल्ली पुढे केली. "उघड. हे माझ्या घरी राहील."

"नाही, दंडनायक."

"काय म्हणालास?"

"आता तर मुळीच नाही. याला कोण चावलं ते आज कळलं. जे विष तिच्या अंगात गेलं तेच याच्या अंगात आहे."

"ज्याने माझ्या मुलीसाठी दात सोसले, त्याला तू कोंडून ठेवणार? परवा तू एकही मारू देत नव्हतास, आणि आज एक सोडत नाहीस?"

"आपल्या गल्लीत अजून मुलं खेळतात," बोधिसत्त्व म्हणाला.

रुद्रसोमाची किल्ली धरलेली मूठ आवळली गेली. मग त्याने किल्ली बोधिसत्त्वाच्या तळहातावर ठेवली आणि तो गेला.

पण दुसऱ्या सकाळी तो पुन्हा आला, आणि त्यानंतर रोज येत राहिला. गजांपासून हातभर अंतरावर बसायला बोधिसत्त्वाने त्याला जागा आखून दिली होती. कुत्रे त्याला ओळखू लागले. तो दिसला की शेपटी हलवीत ते गजांशी येई, आणि त्याच्यासमोर पाणी पिई. बोधिसत्त्वाच्या मनगटाची जखम भरून आली. वेणुका म्हणे, "दंडनायक नगराचा बंदोबस्त सोडून आता कुत्र्याचा बघतात." तरी रुद्रसोम येत राहिला.

तेविसाव्या सकाळी तांबडे कुत्रे भांड्याशी आले, थांबले, आणि अंग चोरून भिंतीकडे गेले. या वेळी हात घालून पाहायचे काही नव्हते.

"दंडनायक, आता घरी जा," बोधिसत्त्व म्हणाला. "पुढचं पाहवत नाही."

"किती दिवस?"

"दोन. फार तर तीन."

त्यांनी पाण्याचे भांडे उचलून नेले, म्हणजे त्याला पाणी दिसणार नाही. गजांवर जाड चटया सोडल्या, म्हणजे उजेड आणि वारा आत जाणार नाही. गवल रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि गाडीवानांना दुरून वळवू लागला, म्हणजे चाकांचा आवाज येणार नाही. एवढेच करता येण्यासारखे होते.

रुद्रसोम घरी गेला नाही. चटईच्या अलीकडे, भिंतीला पाठ टेकून तो बसला. बोधिसत्त्व त्याच्याजवळ बसला. आतून नखांचा आवाज येत होता, मधूनच कुत्रे गजांवर अंग आपटत होते. प्रत्येक वेळी रुद्रसोमाचे खांदे आक्रसत.

"त्या सकाळी मी घरी नव्हतो," दुपारच्या सुमारास तो म्हणाला. "तिच्या शेवटच्या सकाळी. हुकमावर मुद्रा घ्यायला राजवाड्यात गेलो होतो. मला वाटलं, मी तिच्यासाठी काहीतरी करतोय. ती मला हाक मारत होती म्हणे. परत आलो तेव्हा गल्लीत दवंडी चालू होती आणि ती गेली होती."

बोधिसत्त्वाने सरकलेली चटई पुन्हा नीट केली.

"इथे आता काय करायचं असतं?" रुद्रसोमाने विचारले.

"काही नाही. बसायचं."

तो बसला. तो दिवस बसला, दुसरा बसला. आतले आवाज वाढले तेव्हा उठून जाण्यासाठी त्याने दोनदा हात जमिनीवर टेकला, आणि दोन्ही वेळा परत घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला.

बोधिसत्त्वाने आत जाऊन पाहिले आणि तो बाहेर आला. रुद्रसोमाने कुदळ मागून घेतली, कडुनिंबाखाली खोल खड्डा स्वतः खणला, गवलने वर चुना टाकला. मग रुद्रसोम विहिरीवर न्हाऊन घरी गेला आणि बायकोशेजारी बसला. मुलगी गेल्यापासून तो तिच्याशेजारी बसला नव्हता.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा भगवंतांनी नदीकाठच्या एका विहारात सांगितली. समोर उदंबर नावाचा लोहार बसला होता. त्याचा मुलगा नाव उलटून बुडाला होता, आणि तेव्हापासून तो कोणाशी बोलत नव्हता. फक्त घाटावरच्या सगळ्या नावा जाळायच्या म्हणून दोनदा मशाल घेऊन निघाला होता. गावच्या मुखियाने त्याला हाताला धरून तिथे आणले होते.

भगवंत म्हणाले, "तेव्हाचा राजा महीसेन तो आज तुला इथे घेऊन आलेला मुखिया. गवल तो दाराशी उभा असलेला भिक्षू बलक. वेणुका ती या विहाराचे अंगण झाडणारी उपासिका सारसी. दंडनायक रुद्रसोम तो तू, उदंबरा. आणि कोंडवाड्याचा रखवालदार तो मी."

लोहाराने कित्येक दिवसांनी तोंड उघडले. "आणि ते तांबडं कुत्रं?"

भगवंतांनी त्याच्याकडे पाहिले. "ते पुढे कुठे जन्मले ते मी सांगत नाही. ते गेले तेव्हा तू उठून गेला नव्हतास, एवढे मी पाहिले आहे."

उदंबर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला, आणि मुखिया त्याच्याजवळ बसून राहिला.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने उपेक्षा, म्हणजे मनाचा समतोल, ही बुद्धत्वाकडे नेणारी पारमिता पूर्ण केली; त्याने रागाने मारले नाही, मायेने सोडले नाही, आणि समोर जे होते त्यावरून नजर काढली नाही.